भरल्या टाकीत

अदेरितोच्या पावाच्या व्हॅनचा काटा
चार वर्षं शून्यावर निजलेला.
तो पिठाच्या पिशवीवर किलोमीटर लिहायचा,
दोनशे झाले की पंप,
विन्याइशच्या चढणीला देवाचं नाव.

देओलिंदा गाडीखाली शिरली. मी सीटवर, काट्यावर नजर.
टाकीवरची तार सोडवून तिनं पत्र्याला टेकवली.
"हलला?"
हलला. आळोखेपिळोखे देत
पार शेवटच्या रेघेपर्यंत गेला.
"मग मीटर शहाणं आहे, तारही.
खोटं आत कुणीतरी बोलतंय."

फ्लोट निघाला. पितळी, लिंबाएवढा.
तिनं कानाशी हलवला, मग माझ्या कानाशी.
आत पेट्रोल चुळबुळत होतं.

कढत पाण्यात धरल्यावर
सांध्यातून एक बुडबुडा सुटला,
बऱ्याच वेळानं दुसरा.
टाचणीच्या टोकाएवढं भोक.
ज्यावर तरंगायचं तेच पोटात घेऊन
बसला होता तळाशी,
भरल्या टाकीत रिकामं रिकामं म्हणत.

रिता करून, वाळवून, डाग दिला.
काटा पाऊणवर आला आणि थांबला.

अदेरितोनं काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली.
पैसे दिले, वर दोन पाव, अजून गरम.
फाटकाशी व्हॅन जरा थबकली:
कानामागची पेन्सिल काढून
तो पिशवीवर आकडा लिहीत होता.