चटई क्षेत्र

घणसोलीत, झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा.
एजंट व्हायला आलेले अठरा जण, एक पंखा.
मढवीबाई पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नाहीत,
टेप देतात. "ही खोली मोजा."

कुणी भिंतीची जाडी धरली, कुणी जिन्याचा तुकडा,
झरीनाने तर खिडकीबाहेरचा पत्राही.
फळ्यावर चार आकडे, चारही वेगळे.
बाई म्हणाल्या, "चटई पसरेल तेवढंच घर.
बाकी सगळं आपलं बोलणं."

मग भोगवटा पत्र, इंडेक्स टू, सातबारा,
कुठला शिक्का खरा, कुठला नुसताच गोल.

मागून निकेश:
"गिऱ्हाइकानं पाण्याचं विचारलंच नाही तर?"

बाईंनी खडू ठेवला.
"उलव्याला एक म्हातारं जोडपं राहतं, सातव्या मजल्यावर.
टँकरचा भोंगा वाजला की
लिफ्ट असो नसो, बादल्या घेऊन उतरतात.
त्यांनीही विचारलं नव्हतं.
दलाली मात्र मी दोन्हीकडून घेतली."

खाली मशीन कुणाच्या तरी करारनाम्याच्या
प्रती काढत राहिलं.

सुटल्यावर टेप गुंडाळायची सोडून
निकेशनं दारापासून फळ्यापर्यंत पुन्हा मोजलं.
पाच इंच कमी भरलं.
कुणी बघत नव्हतं.
त्यानं वहीतला आकडा खोडला.