मान

तैलचित्र दरबारात गेलं, पैसे मिळाले, तो विषय संपला.
हे कागद मात्र विकायचे नाहीत, शेठ.
बसा, चहा घ्या. बघायला हरकत नाही.

हा पहिला दिवस. नेपिअन सी रोडचा बंगला,
मागच्या जिन्याने वर. खुर्ची कुणी दिली नाही.
राणीसाहेब चौथऱ्यावर, मी खाली उभा,
म्हणून नाकपुड्या एवढ्या आल्यात, हनुवटी कड्यासारखी.
कोपऱ्यात लिहिलंय ते ट्रामचं भाडं.
कारभारी म्हणाले होते, मागाहून बघू.

हा चौथा. स्टूल मिळालं.
डोळ्यांसमोर डोळे आले आणि मला काढताच येईनात.
तीनदा खोडलेत, कागद तिथे फाटायला आलाय.
त्यांनी विचारलं, गिरगावात समुद्राचा वास येतो का?
म्हटलं, येतो, सुक्या बोंबलांतून.
हसल्या. ते हसू इथे आहे, ओठाच्या डाव्या टोकाला.
कारभारी खाकरले, मिटलं.
दरबारातल्या चित्रात शोधू नका.

हा नुसता हात. अंगठ्या नाहीत, पाहिलंत?
उकाड्याने काढून बशीत ठेवल्या होत्या.
नखाशी शाईचा डाग. कुणाला लिहीत होत्या, कोण जाणे.
पुढे अंगठ्या रंगवल्या. डाग नाही.

आणि हा, ज्यासाठी तुम्ही आलात.
सातपदरी कंठा. तो घालून तीन तास बसायला
त्यांना सवड नव्हती, महालक्ष्मीला शर्यती होत्या.
मग कंठा चढला लाडूच्या गळ्यात.
न्हाणीघर सांभाळायची ती.
कारकून शेजारी बसून दर अर्ध्या तासाला मोती मोजायचा,
माझ्या बोटांकडे बघत.
लाडू श्वाससुद्धा मोजून घेत होती.
ओझ्याने मान जराशी उजवीकडे कलली,
घागर उतरवण्याआधी कलते तशी.
मी तीच काढली.

सगळे म्हणाले, काय राजस मान आहे!
राणीसाहेबांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
बोलल्या काही नाहीत.
दुसऱ्या दिवशी ट्रामचे पैसे आले. पै न् पै.

लाडूला हा कागद दाखवला तेव्हा म्हणाली,
मोती काढून टाकता येतात का हो?
पावाचा गर घेऊन पुसले.
म्हणून गळ्याशी असं धुरकट.

उजेडात धरा, शेठ.
ओझं नाही,
तरी मान तशीच कललेली.