हर्णै, बर्फाच्या कारखान्याशेजारी

अश्फाक मुकादमचं फ्लेक्सचं दुकान.
स्क्रीनवर वाढदिवसाचा बॅनर,
सरपंचांचं तोंड सुरमईएवढं लांब.

सेफ मोड. जुना ड्रायव्हर काढला.
नवा चौऱ्याण्णव टक्क्यांवर येऊन रुतला,
ओहोटीला गाळात होडी बसते तसा.
चढवला शेवटी. रीस्टार्ट.
काळं.
त्याच्या आधीचा घातला.
काळं.

अश्फाक म्हणाला, ‘आमच्या होडीवर
एका मोसमात तीन तांडेल बदलले.
भोक तळाला होतं.’

मग कार्डच उपसलं.
सोनेरी दातांवर हिरवट खार.
त्याच्या मुलीच्या कंपासमधला खोडरबर घेऊन
हलक्या हाताने घासत बसलो.

सरपंच माणसात आले.

बिलावर लिहिलं ‘ड्रायव्हर, दोनशे रुपये’.
खार लिहिला असता
तर पैसे समुद्राकडे मागावे लागले असते.