पोत्याखाली पाणी

हुडकेश्वरच्या पुढच्या ले-आउटमध्ये
अर्ध्या प्लॉटांवर अजून तूरच उभी आहे,
आणि थंडी शहरापेक्षा दोन अंश आगाऊ.
पहाटे साडेपाचला बाबा कानटोपी घालून निघतात,
विटेवर ठेवलेल्या परळात बोट बुडवून बघतात.

चौतीस वर्षं त्यांनी पाणी गोठवलं.
गोळीबार चौकाजवळचा बर्फखाना,
पत्र्याचे उभे डबे, भोवती मिठाचं पाणी,
नाकात अमोनिया,
भर मे महिन्यात घरी येताना
बाहीला चिकटलेला ओला भुसा.
लोक हसायचे : डोमाजी निखारे, अन् कामाले बर्फात!
तेही हसायचे.
डाव्या हाताची दोन बोटं आता थंड-गरम सांगत नाहीत,
म्हणून पाणी बघायचं ते उजव्यानं.

त्या सोमवारी परळावर काच होती.
काच म्हणजे सायीएवढी,
कडेला जरा जाड, मध्ये कुठे कुठे नाहीच.
एक बुलबुल मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता.
चोच मारली, ठक्,
आणि गेला उडून,
तहानेपेक्षा अपमानानंच.

मी पेपर दाखवला. पारा चारवर.
चारवर पाणी गोठत नाही, मी सातवीला विज्ञान शिकवते.
"मास्तरीणबाई," बाबा म्हणाले,
"हवा चारवर असन.
आभाय कितीवर आहे, ते कोनं मोजलं?"

उथळ मातीचं भांडं, वारा पडलेला,
वर उघडं, चांदण्यांचं स्वच्छ आभाळ :
त्यांच्या उस्तादाचा आजा म्हणे
कानपूरकडे कुठे असाच बर्फ धरायचा,
यंत्राबिंत्राशिवाय,
गवतावर रात्रभर परळांच्या रांगा मांडून.
पाणी आपली ऊब वर देत राहतं.
आभाळ काही परत करत नाही.

लांजेवारांचा प्रणय कुंपणावरून ओरडला,
"मीठ टाका ना काका, मिठाचं पाणी नाई गोठत!"
बाबा इतके थांबले
की मला वाटलं, ऐकूच आलं नसेल.
"मले मीठ शिकवतं का बे?
चौतीस वर्षं हात होते त्याच्यात.
ते सोता नाई गोठत, गोड्या पान्याले गोठवते.
पाखराच्या पोटात नाई घालत असं."

मग त्यांनी चार काठ्या रोवल्या,
वर एक पोतं ताणलं, हातभर उंचीवर.
एवढंच. आभाळाला दिसू द्यायचं नाही पाणी.
काच पुन्हा धरली नाही.
पण पोतं उजाडायच्या आत काढावं लागतं,
नाहीतर पाखरं खाली शिरत नाहीत,
मांजराचा डाव समजतात.
म्हणजे कुणीतरी रोज
रजईतून बाहेर पडायलाच हवं.

गुरुवारी बाबांना ताप होता.
गोळी घेऊन झोपले होते,
झोपेतही उजवा हात पांघरुणाबाहेर.
मी शाल गुंडाळून गेले.
तुरीवर धुकं, दूर रिंगरोडवर ट्रकचा एकच हॉर्न,
आणि दवानं जड झालेलं पोतं.
काढताना बॅटरीच्या उजेडात दिसलं :
उडत चाललेली निळी अक्षरं, मीठ, पन्नास किलो.
बर्फखान्यातलंच.
कितीदा धुतलं असेल, कोण जाणे.

पोत्याच्या मधल्या झोळातून
एक थेंब पाण्यात पडला. मग दुसरा.

मी बोटं बुडवली. नखांपर्यंत कळ गेली,
पण पाणी हललं, पाण्यासारखं.
इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं,
आणि बोट जिभेवर ठेवलं.

गोड.

पोतं काठीवर टाकेपर्यंत
तुरीतून सातभाई आले, भांडतच,
आणि मी अजून तिथेच उभी आहे
याचं त्यांना काहीच वाटलं नाही.