झोपेचा करंट

रबाळ्याला, एमआयडीसीतल्या तिसऱ्या मजल्यावर
दीड महिना आम्ही एकच भांडण भांडतोय:
पाण्याच्या मीटरमध्ये मेंदू कुठला घालायचा.

टिपणीसला बत्तीस बिटांचा हवाय.
"उद्या काही वाढवायचं झालं तर?"
त्याचा उद्या फार ऐसपैस,
त्यात रंगीत स्क्रीनसुद्धा मावते.
कर्णिक मॅडम आठ बिटांवर ठाम.
त्यांच्या एका जुन्या बोर्डावर
तुर्भ्याचं एक कोल्ड स्टोरेज अजून गार आहे;
सोर्स कोड कधीच हरवला,
ते आपलं चालतंय.
यज्ञेश, नवा, म्हणतो रिस्क-फाइव्ह घ्या,
तिच्या आज्ञांवर कुणाचं कुलूप नाही.
"नावातच रिस्क," पर्चेसच्या लोबोबाई,
"आणि माल किती आठवड्यांत?"

मी डेटाशीट वाचते.
पान चारशे बारा, तळाचा तक्ता, मुंगीएवढी अक्षरं:
झोपेत किती खातो.
मायक्रोअँपिअर, तेही दशांश चिन्हानंतर.

काल घणसोलीत मढवी फिटरने
पहारीने झाकण उचललं.
काळं पाणी, गुटख्याची पुडी, एक झुरळ,
आणि चिखलात गळ्यापर्यंत आमचा मीटर.
"सेल बदलायला कोन येनार मॅडम?
वर पेव्हर बसले का दहा वर्सं तो जमिनीचा."

मग हात पुसता पुसता, कुणी विचारलेलं नसताना:
"आमचा बापूस खाडीच्या बांधावर राखन करायचा.
रातभर घोरायचा हो.
पन भरती लागली का बराबर उठायचा,
उघाडीची फळी टाकायचा,
परत आडवा.
घड्याळ नव्हतं त्याच्याकं."

रात्री तक्त्यात मी एक रकाना वाढवला:
हाक मारल्यावर किती चटकन उठतो,
काम उरकून किती लवकर निजतो.
आठ बिटांचा झोपतो छान, पण उठला की रेंगाळतो,
एका गुणाकाराला बोटं मोजत बसतो.
बत्तीसमधलाच निघाला शेवटी,
सगळ्यांत धाकटा, सगळ्यांत स्वस्त.
टिपणीस जिंकला, आणि त्याची स्क्रीन गेली.
यज्ञेश म्हणाला, पुढच्या खेपेला.
बघू.

कर्णिक मॅडमनी आकडे दोनदा तपासले,
चष्मा काढला, सही केली.
दाराशी जाऊन वळल्या:
"सोर्स दोन ठिकाणी ठेव गं."