दोन स्टॉप

पहिला आठवडा हाल्वारने कॅमेरा हाती दिलाच नाही.
दिली तिपाई, बोटांना चिकटेल इतकी गार,
आणि एक वाक्य: "आधी पाय रोव, मग डोळा लाव."
मी एकोणीस वर्षांची, ट्रोम्सोहून बोटीने आलेली,
पाठीवर तीन लेन्स आणि बरीच मतं.

बाल्स्टाच्या धक्क्यावर फेब्रुवारीत
उजेड येतो तोही डोंगराला विचारून.
लाकडी मांडवांवर कॉड मासे,
शेपटीला शेपटी बांधून टांगलेले.
शाळा सुटलेली पोरं माशांच्या जिभा कापतात,
किलोवर पैसे.

"बॅटरी काखेत ठेव. ती तुझ्याहून भित्री.
घरात शिरताना कॅमेरा पिशवीत बांध,
तासभर उंबऱ्यातच राहू दे,
नाहीतर काचेला आतून घाम फुटेल.
पोराचे हात हलले तर हलू देत.
सुरी धूसर चालेल. डोळे नकोत."
सुटे पैसे मोजून द्यावेत
तसा बोलायचा.

माझ्या ध्रुवप्रकाशाच्या छत्तीस चौकटी
त्याने भिंगाखाली धरल्या,
लाल पेन्सिल उचलली, तशीच ठेवली.
"हे सगळं आकाशाने केलंय. तू काय केलंस?"
मग एका कोपऱ्यात, चुकून आलेली,
त्याच्या बायकोने वाळत घातलेली
लोकरी हातमोज्यांची जोडी.
तिच्याभोवती एक लाल गोल.
मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.
त्याच्या लक्षातही आलं नसावं.

नंतर मीटर.
"ह्याला सगळं जग राखाडी वाटतं.
बर्फ दाखव, राखाडी.
पाणकावळा दाखव, तोही राखाडी.
खोटारडा नाही तो. त्याला शिकवलंय तेवढंच.
बर्फात दोन स्टॉप आपल्या मनाने जास्त द्यायचे."
"दोनच का? दीड का नाही?"
तो लेन्सची टोपी पुसत राहिला.
टोपीत पुसण्यासारखं काही नसतं.

मग खणातून एक पट्टी काढली.
शहाऐंशीचा मार्च. हावटेर्ना नावाची बोट,
डेकवर पाच जण, मागे बर्फच बर्फ.
"मी नवा होतो. मीटरवर विश्वास होता.
नवव्या दिवशी त्यांनी शोधणं थांबवलं.
गुनवोर आली. तिच्याकडे त्याचा
लग्नातला एकच फोटो, आणि लग्नात
त्याला दाढी नव्हती.
मी कागद बदलले. रसायन कोमट केलं.
तळहाताची सावली धरून
चेहऱ्यावरचा काळोख अडवत राहिलो रात्रभर.
पाच टोप्या आल्या.
टोप्यांखाली काही नाही.
निगेटिव्हवर जे उतरलंच नाही
ते अंधारखोलीत कुठून आणायचं?
तिने फोटो घेतला तरीही.
पैसे पुढे केले."
त्याने खण लावला.
"आणि मी ते घेतले."

त्या रात्री मी तीनदा उठले,
तीनदा पिशवी उघडून पाहिली,
कशासाठी ते माहीत नाही.

सकाळी बर्फ पडतच होतं.
एक बोट सुटायच्या तयारीत, डेकवर सहा जण,
त्यांत एक मुलगी, तोंडात पावाचा तुकडा,
तो संपेपर्यंत थांबा म्हणाली.
आम्ही थांबलो.
मी पाय रोवले. मीटरने आपलं म्हणणं सांगितलं,
मी ऐकून घेतलं,
आणि कडं फिरवलं:
टक्. टक्.
हाल्वार माझ्या मागे, समुद्राकडे बघत.
तो आवाज त्याने मोजला, हे मला
त्याच्या खाकरण्यावरून कळलं.

शटर पडल्यावर छान म्हणाला नाही.
"नावं लिहून घे," म्हणाला, "डावीकडून."

पेन थंडीने चालेना, पेन्सिल घेतली.
तिसऱ्याने आपलं नाव अक्षर अक्षर सांगितलं,
दोरखंड सोडता सोडता ओरडून पुन्हा सांगितलं:
शेवटी दोन एन आहेत,
विसरू नकोस.