सतरा नंबरचा गोठा

गांगण म्हणाला, चारच फोटो लागतील.
पुढून, मागून, दोन्ही अंगांनी.
तारीख दिसली पाहिजे. पाडायच्या आधीचा पुरावा, बस्.
उगाच कला करू नका.

मी कला करत नाही.
गोरेगाव पूर्वेला, पिठाच्या गिरणीला लागून माझा स्टुडिओ:
पासपोर्ट, व्हिसा, परीक्षेचे फॉर्म.
हनुवटी थोडी खाली. दोन्ही कान दिसू देत. हसू नका.
बावीस वर्षं सांगतोय
आणि माणसं ऐकतात.

गोठा ऐकेना.
आरेच्या आतल्या रस्त्याला, भादव्याच्या उन्हात
तो एका खांद्यावर कलून उभा.
अर्धे पत्रे गेलेले. भिंतीवर निळ्या रंगात १७,
त्यातल्या सातचं पोट ओलीनं खाल्लेलं.
मागे एक टॉवर सारखा चौकटीत घुसत होता,
तान्ह्या बाळाच्या फोटोत
धरणाऱ्या आईचा हात येतो तसा.
दोन पावलं सरकून मी त्याला गोठ्याआड केला.

तीन बाजू झाल्या. चौथीकडे
कमरेएवढा तेरडा, पाय ठेवायला जागा नाही.
"तिकडून काय घुसतो? आतून ये की,"
विळा कमरेला खोचलेली बाई म्हणाली.
सोमी बरफ. पाड्यावरची.
अकरा वर्षं इथलं शेण काढलं, म्हणाली,
मग म्हशी गेल्या, मग भैया गेला, मग पगार.

आत छप्पर नव्हतं तिथं ऊन होतं,
आणि उन्हात, गव्हाणीला धरून, एका ओळीत
तेरडा, कुर्डू, मध्येच टाकळ्याचा पिवळा ठिपका,
पुन्हा तेरडा.
कुणी लावल्यासारखी ओळ.
"लावतंय कोण? जिथं म्हस उभी रायची
तिथंच जोर हाय जमिनीला. मधी बघ, नुसती फरशी."

मग विळ्याच्या टोकानं तिनं हजेरी घेतली:
ही चांदी.
ही मोतन, दूध कमी, पण गरीब.
ही दोन महिनेच होती.
ही मारकी. हिचं नाव काय होतं कोण जाणे,
मारकीच म्हणायचो.

मारकीच्या जागेवर तेरडा सगळ्यात दाट.
गव्हाणीचा काठ तिथं मानेनं घासून
गुळगुळीत झालेला, साबणाच्या वडीसारखा.
भिंतीत कडी. कडीत दोरीचा वीतभर तुकडा.

मी गुडघ्यावर बसलो.
हनुवटी थोडी खाली, तोंडातून गेलंच.
सोमी पदर तोंडाला लावून हसली.
वारा काही थांबला नाही,
तेरडा सगळ्या फोटोंत हललाय.
एकात पाकळीवर मुंगळा आहे,
एकात माझीच सावली.

तुझा काढू का, विचारलं.
"माझा हाय आधारवर. तो बी माझ्यासारका नाय.
मारकीचा दे एक."

गांगणला चार पाठवले.
त्यानं नुसता अंगठा पाठवला.

रात्री शटर अर्धं ओढून
मारकीची शीट काढली, नेहमीच्याच मापात,
पस्तीस बाय पंचेचाळीस, एका कागदावर आठ.
गुलाबी जरा जास्त आला. आणि कान
कुठे दिसायला हवेत ते मला ठरवता येईना.

पुढच्या सोमवारी गेलो तर
रस्त्यालाच पत्र्याचं कुंपण, आत मशीनचा आवाज.
वॉचमन नवा. सोमी कोण, त्याला माहीत नाही.
पाड्यावर दोन दारांना विचारलं,
एक म्हणालं भारा विकायला गेली, दुसरं म्हणालं लेकीकडे.
पाकीट कुणाच्या हातात द्यावंसं वाटलं नाही.

माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे,
काढून घेतलेले पण न्यायला न आलेले फोटो त्यात.
दुबईला जाणार होता तो मुलगा.
नाकात चमकी, काढायला सांगितली म्हणून रुसलेली एक नवरी.
एक म्हातारे, ज्यांना डोळे उघडे ठेवताच येईनात.
मी कुणाचेच फेकत नाही.

त्यांच्यावर आता एक नवं पाकीट,
पेन्सिलीनं लिहिलेलं:
मारकी. आठ प्रती.
येणे बाकी: नाही.